टॉर्चच्या उजेडाचा रंग: केल्विन, सीआरआय आणि झाक याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टॉर्च घेण्याआधी सगळे ल्युमेन, म्हणजे एकूण उजेड किती, हे विचारतात. घेतल्यानंतर येणारे प्रश्न निराळे असतात. उजेड लखलखीत आहे, तरी माती राखाडी का दिसते? स्वतःचाच हात आजारी माणसाचा का वाटतो? लाल वायर आणि तपकिरी वायर यांत फरक का कळत नाही? याची उत्तरं ल्युमेनमध्ये सापडत नाहीत, ती उजेडाच्या रंगात आहेत. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. खोक्यावर ‘५००० के’ लिहिलंय. म्हणजे टॉर्च तेवढा तापतो का?

नाही. ‘के’ म्हणजे केल्विन, हे तापमानाचं एकक; पण इथे हा आकडा उजेडाच्या रंगाचा आहे. भट्टीत घातलेलं लोखंड आधी लाल होतं, मग केशरी, मग पिवळं, आणि आणखी तापलं की पांढरं दिसू लागतं. म्हणजे तप्त वस्तूच्या उजेडाचा रंग पाहून तिचं तापमान सांगता येतं. हीच गोष्ट उलट बाजूने वापरली आहे: एखाद्या दिव्याचा उजेड ज्या तापमानाच्या आदर्श तप्त वस्तूशी सर्वांत जास्त जुळतो, तेवढे केल्विन त्या दिव्याचं रंगतापमान म्हणून लिहितात.

अंदाज यावा म्हणून काही आकडे: मेणबत्ती साधारण १९०० केल्विन, जुना तारेचा बल्ब २७००, हॅलोजन ३००० च्या आसपास, भर दुपारचं ऊन ५००० ते ५५००, ढगाळ आकाश ६५००, आणि निरभ्र निळ्या आकाशाकडून सावलीत येणारा उजेड १०,००० च्याही वर. बाजारातले बहुतेक टॉर्च ५७०० ते ६५०० मध्ये असतात.

२. मग ‘वॉर्म’ कमी केल्विनचा आणि ‘कूल’ जास्त केल्विनचा, हे उलटं कसं?

शब्द आपल्या अनुभवातून आले आहेत. विस्तवाचा रंग पिवळा-तांबूस म्हणून तो उबदार, आणि निळसर रंग थंड. भौतिकशास्त्रात निळसर उजेड देणारी वस्तू जास्त तापलेली असते. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.

३. एलईडी मुळात निळा असतो म्हणे. मग पांढरा उजेड कुठून येतो?

पांढरी चिप अशी नसतेच. आत सुमारे ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा (उजेडाच्या लाटेची लांबी, तिच्यावरच रंग ठरतो) निळा उजेड देणारी चिप असते आणि तिच्यावर पिवळसर फॉस्फरचा थर असतो. थोडा निळा उजेड त्या थरातून तसाच बाहेर पडतो. उरलेला फॉस्फर शोषून घेतो आणि हिरवा, पिवळा, तांबडा असा पसरट उजेड परत देतो. दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. १९९३ साली जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी प्रखर निळा एलईडी तयार केला, आणि १९९६ मध्ये त्याच कंपनीने त्यावर फॉस्फर चढवून पांढरा एलईडी आणला. निळ्या एलईडीसाठी नाकामुरा, इसामु अकासाकी आणि हिरोशी अमानो यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

पुढचे बहुतेक प्रश्न या रचनेतूनच निघतात, म्हणून ती नीट लक्षात ठेवा. फॉस्फरचा थर जाड केला की उजेड पिवळट होतो, पातळ केला की निळसर. आणि साध्या पिवळ्या फॉस्फरमधून गडद लाल फारसा निघतच नाही. शिवाय उजेडातल्या रंगांचा आलेख काढला तर निळ्याचं टोक आणि फॉस्फरचा डोंगर यांच्यामध्ये, ४८० नॅनोमीटरच्या आसपास, एक दरी राहते. तिथला आकाशी-हिरवा रंग कमी पडतो.

४. सीआरआय म्हणजे नक्की काय? आणि तो केल्विनपेक्षा वेगळा कसा?

केल्विन सांगतो उजेड कोणत्या रंगाचा आहे. सीआरआय सांगतो त्या उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात. दोन टॉर्च भिंतीवर अगदी सारखे पांढरे दिसतील, आणि त्याच दोघांखाली एकच लाल कापड एकात लाल, दुसऱ्यात मातकट दिसेल. पांढरी भिंत ही सीआरआयची परीक्षा होऊच शकत नाही.

मोजण्याची पद्धत सीआयई या आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९६५ मध्ये ठरवली आणि १९७४ मध्ये सुधारली. ठरावीक रंगांचे नमुने आधी प्रमाण दिव्याखाली आणि मग तपासायच्या दिव्याखाली कसे दिसतात, यातला फरक काढतात. फरक शून्य तर १०० गुण. पहिल्या आठ नमुन्यांच्या गुणांची सरासरी म्हणजे खोक्यावर छापतात तो सीआरआय.

यात दोन खाचाखोचा आहेत. ते आठही नमुने फिकट, सौम्य रंगांचे आहेत (प्रश्न ५). आणि प्रमाण दिवा प्रत्येक वेळी तुमच्या दिव्याच्याच रंगतापमानाचा घेतात: ५००० केल्विनच्या खाली तप्त वस्तूचा उजेड, वर दिवसाचा उजेड (प्रश्न १३).

५. सीआरआय ७० म्हणजे शंभरात सत्तर, वाईट नाही. तरी लाल रंग इतका मेलेला का दिसतो?

कारण तो आकडा गडद लालाबद्दल काहीच सांगत नाही. गडद लाल नमुना नवव्या क्रमांकाचा, म्हणून त्याला आर९ म्हणतात, आणि सरासरी आठव्यावरच थांबते. सीआरआय ७० च्या पांढऱ्याफटक टॉर्चचा आर९ बहुतेक वेळा शून्याच्याही खाली असतो. हो, हे गुण ऋण होऊ शकतात. सीआरआय ८० असूनही आर९ शून्याच्या आसपास असलेले एलईडी सर्रास मिळतात.

लाल ही काही चैनीची बाब नाही. त्वचेचा रंग तिच्याखालच्या रक्तामुळे येतो. लाकूड, वीट, माती, गंज, सुकलेलं पान, तेलाचा डाग, तपकिरी वायर, रेझिस्टरवरचे लाल-तपकिरी-केशरी पट्टे या सगळ्यांचा रंग लालावर उभा आहे. लाल काढून घेतला की ते सगळे एका मातकट रंगात मिसळतात. जखम तपासताना, ओठ निळे पडलेत का हे पाहताना किंवा वायरिंग जोडताना आर९ कमी असलेला टॉर्च दिशाभूल करतो. माझा आग्रह असा: सीआरआयसोबत आर९ विचारा. ५० च्या वर असेल तर कामाचा, ८० च्या वर असेल तर उत्तम.

६. हाय सीआरआयचा टॉर्च घेतला की ल्युमेन कमी होतात. असं का, आणि किती?

डोळा सगळ्या रंगांना सारखा उजेड मानत नाही. त्याची सर्वांत जास्त संवेदना ५५५ नॅनोमीटरच्या पोपटी रंगाला आहे. ६५० नॅनोमीटरच्या लालाला ती जेमतेम दहावा हिस्सा उरते. ल्युमेन हे एकक डोळ्याच्या याच मापाने बनलेलं आहे. तेव्हा एलईडीची ऊर्जा पोपटीकडून लालाकडे वळवली की रंग सुधारतात आणि ल्युमेन घटतात. हा दोष नाही, तो सौदा आहे. सीआरआय ७० वरून ९० वर जाताना त्याच जातीच्या एलईडीत साधारण पाचवा ते चौथा हिस्सा जातो.

ऐकायला हे नुकसान मोठं वाटतं, डोळ्याला तेवढं वाटत नाही. समजा पाव हिस्सा ल्युमेन गेले आणि झोताचा आकार तोच राहिला. झोताचं अंतर तीव्रतेच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतं, म्हणजे २०० मीटरचा टॉर्च १७३ मीटरचा होईल. आणि दोन टॉर्च पाठोपाठ लावून पाहिले तर उजेडातला पंचवीस टक्क्यांचा फरक बहुतेकांना ओळखता येत नाही. लालाचा फरक मात्र पहिल्याच नजरेत कळतो.

७. एकच टॉर्च घ्यायचा आहे. किती केल्विन, किती सीआरआय?

४००० ते ४५०० केल्विन, सीआरआय ९० किंवा वर. खोलीतला पिवळा दिवा आणि दिवसाचा उजेड यांच्या मधला हा पट्टा आहे, त्यामुळे तो कुठेच खटकत नाही. निचिया ५१९ए, ल्युमिनस एसएसटी-२० ची ४००० केल्विनची सीआरआय ९५ वाली आवृत्ती, सॅमसंग एलएच३५१डी ची ५००० केल्विनची सीआरआय ९० वाली आवृत्ती ही टॉर्चप्रेमींमध्ये रुळलेली एलईडींची नावं आहेत. जुना निचिया २१९बी त्याच्या गुलाबीसर झाकेसाठी अजूनही आठवला जातो.

अपवाद आहेत. रात्री घरात वावरायला २७०० ते ३००० बरा. लांबवर फेकणारा शोधटॉर्च हवा असेल तर सीआरआय ७० मान्य करा. तिथे दोनशे मीटरवर कोणी आहे की नाही एवढंच पाहायचं असतं, सदऱ्याचा रंग नाही. लेझरने फॉस्फर पेटवणारे एलईपी टॉर्चही कमी सीआरआयचेच असतात, त्यांत फारशी निवड मिळत नाही.

८. माझ्याकडे ४५०० केल्विनचे दोन टॉर्च आहेत. एक हिरवट, एक गुलाबीसर. केल्विन सारखे असून असं कसं?

रंगतापमान हा एकच आकडा आहे, आणि रंगाला एका आकड्यात बांधता येत नाही. निळ्यापासून पिवळ्यापर्यंतचा प्रवास केल्विनमध्ये येतो. त्याला आडवा जाणारा हिरवा-गुलाबी प्रवास त्यात येत नाही. तो मोजायला डीयूव्ही नावाचा दुसरा आकडा आहे: शून्य म्हणजे तप्त वस्तूच्या रेषेवर, धन म्हणजे हिरवट, ऋण म्हणजे गुलाबी. ०.००५ एवढं डीयूव्हीसुद्धा पांढऱ्या भिंतीवर सहज दिसतं.

यालाच आपण झाक म्हणतो. हिरवट झाक बहुतेकांना नकोशी वाटते, त्वचा त्यात खूपच वाईट दिसते. हलकी गुलाबी झाक पुष्कळांना आवडते. उत्पादक मात्र हिरव्याकडे झुकतात, कारण पोपटीत ल्युमेन जास्त (प्रश्न ६). एकाच कारखान्यातले एलईडीही थोडे वेगवेगळे निघतात. त्यांना रंगानुसार वेगळं काढण्याला बिनिंग म्हणतात. चांगला विक्रेता बिनचा सांकेतिक क्रमांक देतो.

९. टॉर्च पूर्ण वर पांढरा असतो, पण कमी केला की हिरवट-पिवळट होतो. खराब आहे का?

खराब नाही. उजेड कमी करण्याचे दोन मार्ग आहेत. एकात एलईडीला करंटच कमी देतात. करंट बदलला की निळ्या चिपची तरंगलांबी किंचित सरकते, फॉस्फरशी तिचं गणित बदलतं, आणि कमी करंटला बरेच एलईडी हिरवट होतात. दुसऱ्या मार्गात पूर्ण करंट देऊन एलईडी सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद करतात, ज्याला पीडब्ल्यूएम म्हणतात. त्यात झाक तशीच राहते, पण बॅटरी जास्त खर्च होते आणि वेग कमी असेल तर पंख्याची पाती थांबत थांबत फिरल्यासारखी दिसतात. मी स्वतः पहिला मार्ग पसंत करतो आणि कमी करंटलाही हिरवा न होणारा एलईडी शोधतो.

१०. झोताच्या मधोमध निळसर आणि कडेला पिवळं वर्तुळ दिसतं. दोष एलईडीचा की काचेचा?

दोघांचा मिळून. चिपमधून सरळ वर जाणारा निळा उजेड फॉस्फरचा थोडाच थर ओलांडतो. तिरका जाणारा जास्त थर ओलांडतो आणि जास्त पिवळा होतो. गुळगुळीत आरशासारखा रिफ्लेक्टर हा फरक जसाच्या तसा भिंतीवर मांडतो. संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत रिफ्लेक्टर, दाणेदार लेन्स किंवा काचेवर लावलेली धुरकट फिल्म दोन्ही रंग मिसळून टाकतात, त्या बदल्यात झोताचा पल्ला थोडा घटतो. जवळच्या कामासाठी ही फिल्म लावाच.

११. धुक्यात पिवळा उजेड जास्त आत जातो, हे खरं का?

बहुतांशी नाही. धुक्याचे थेंब काही मायक्रोमीटरपासून काही दहा मायक्रोमीटरपर्यंत असतात, उजेडाची तरंगलांबी अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास. थेंब तरंगलांबीपेक्षा इतका मोठा असला की तो निळा आणि पिवळा दोन्ही जवळजवळ सारखेच विखुरतो. अतिसूक्ष्म धुरात गोष्ट वेगळी, तिथे निळा खरोखर जास्त विखुरतो.

पिवळा बरा वाटतो कारण निळसर पांढऱ्याची चकाकी डोळ्यांना जास्त त्रास देते. खरा फायदा मात्र टॉर्च कुठे धरता यात आहे. कपाळावरचा दिवा धुक्यात पांढरी भिंत उभी करतो, कारण उजेड परत नेमका डोळ्याकडेच येतो. टॉर्च कमरेपाशी धरा, झोत अरुंद ठेवा, ल्युमेन कमी करा.

१२. रात्री डोळ्यांची अंधाराची सवय मोडू नये म्हणून वॉर्म टॉर्च चालेल का?

काही प्रमाणात. अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी ५०० नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत संवेदनशील असतात आणि गडद लालाला जवळजवळ आंधळ्या असतात. वॉर्म उजेडात निळा-हिरवा कमी असल्याने तो कूलपेक्षा बरा, पण शुद्ध लाल एलईडीची बरोबरी करत नाही. आणि रंगापेक्षा मात्रा जास्त महत्त्वाची. प्रखर लाल उजेडही सवय मोडतो, आणि ती पूर्ण परत यायला अर्धा तास लागतो. लाल उजेडात नकाशावरच्या लाल रेषा मात्र दिसेनाशा होतात, हे निघण्यापूर्वी तपासून घ्या.

झोपेवर परिणाम करणाऱ्या पेशी ४८० नॅनोमीटरच्या निळ्याला संवेदनशील असतात, त्यामुळे तिथेही वॉर्म बरा. किडेही निळसर उजेडाकडे जास्त येतात.

१३. सीआरआय ९५ चा वॉर्म टॉर्च घेतला. तरी काळा आणि गडद निळा मोजा वेगळा ओळखता येत नाही. फसवणूक झाली का?

नाही झाली. प्रश्न ४ मधली दुसरी खाच इथे नडते. २७०० केल्विनच्या टॉर्चची तुलना २७०० केल्विनच्याच तप्त वस्तूशी होते, आणि त्या उजेडात मुळातच निळा थोडा असतो. मोज्यातला निळा रंग परत फेकणार काय? मेणबत्तीचा सीआरआय जवळजवळ १०० आहे, तरी तिच्या उजेडात कोणी गडद निळा ओळखून दाखवत नाही. १०० म्हणजे ‘आपल्या जातीत अव्वल’, ‘सर्व रंगांत अव्वल’ असं नाही. निळ्या छटा वेगळ्या करायच्या असतील तर ५००० केल्विन किंवा वर आणि सीआरआय ९० किंवा वर, दोन्ही एकत्र हवं.

१४. टॉर्चमध्ये २७०० आणि ६५०० असे दोन एलईडी आहेत, मधला रंग हवा तसा ठेवता येतो. पण मध्ये आला की गुलाबी का होतो?

ही भूमिती आहे. तप्त वस्तूच्या रंगांची रेषा रंगांच्या नकाशावर कमानीसारखी वाकलेली आहे. दोन एलईडी मिसळले की मिळणारा रंग त्यांना जोडणाऱ्या सरळ रेषेवरच पडतो, आणि ती सरळ रेषा कमानीच्या खालून, म्हणजे गुलाबी बाजूने जाते. दोन टोकं जितकी लांब तितका मध्याचा गुलाबीपणा जास्त. टोकाचे एलईडी किंचित हिरवट निवडले तर मध्य बरोबर रेषेवर येतो. हिरवट एलईडीचा हा एक चांगला उपयोग!

केल्विनची पावलं सारखी नसतात हेही इथे कळतं. २७०० वरून ३२०० ला गेल्यावर फरक स्पष्ट दिसतो, ६००० वरून ६५०० ला गेल्यावर जेमतेम. दहा लाखाला केल्विनने भागून येणारं मायरेड हे माप डोळ्याशी जास्त इमान राखतं: पहिलं अंतर ५८ मायरेड, दुसरं फक्त १३.

१५. स्वस्त टॉर्चवर पिवळी फिल्म लावून सीआरआय वाढेल का?

केल्विन घटेल, सीआरआय फारसा नाही. फिल्टर उजेडातून काही काढू शकतो, घालू शकत नाही. मुळात लाल नसेल तर तो कुठून आणणार? हिरवट झाक कमी करणाऱ्या, छायाचित्रणासाठी मिळणाऱ्या फिल्टरची गोष्ट वेगळी. चांगल्या सीआरआयच्या पण थोड्या हिरवट टॉर्चला त्यांनी खरोखर फरक पडतो.

१६. एलईडीवरचा सिलिकॉनचा घुमट कापून काढला तर रंग सुधारतो म्हणतात.

केल्विन खाली येतात आणि काही एलईडींत झाक गुलाबीकडे सरकते, हे खरं. घुमट नसला की जास्त निळा उजेड आतच परतून फॉस्फरमधून पुन्हा जातो. झोतही अरुंद होतो, एकूण ल्युमेन घटतात. पण ब्लेड एक केसभर जास्त खाली गेलं की फॉस्फर उचकटतो आणि एलईडी संपतो. सुटा एलईडी घेऊन हात बसवल्याशिवाय चालू टॉर्चवर हा प्रयोग करू नका.

१७. खोक्यावर सीआरआय लिहिलेलाच नाही. घरी तपासता येईल?

टॉर्चसाठी एफएल१ हे मानक २००९ पासून आहे. त्यात ल्युमेन, अंतर, चालण्याचा वेळ, पाणी आणि आपटणं यांच्या चाचण्या आहेत, रंगाची नाही. म्हणून ही माहिती बहुतेक खोक्यांवर नसते. न लिहिलेला सीआरआय ७० च्या आसपासच समजावा.

आकडा घरी काढता येणार नाही, पण कल्पना येते. अंधाऱ्या खोलीत तळहातावर झोत टाका. बोटांची टोकं गुलाबी दिसली तर लाल आहे, सगळा हात एकसारखा पिवळा-राखाडी दिसला तर नाही. दुसरा मार्ग जुन्या सीडीचा. तिच्या चकचकीत बाजूवर झोत तिरका पाडा आणि पसरलेले रंग पाहा. चांगल्या एलईडीत लाल पट्टा रुंद आणि गडद होत जातो, साध्या एलईडीत तो केशरीनंतर लगेच विझतो. निळा आणि हिरवा यांच्यामधली काळपट दरीही दिसेल. शेजारी तारेचा बल्ब लावून तुलना केली तर शंका उरत नाही.

१८. झोतांचे फोटो पाहून टॉर्च निवडला, प्रत्यक्षात रंग वेगळाच निघाला.

फोनचा कॅमेरा प्रत्येक फोटोत पांढरं स्वतः ठरवतो आणि झाक पुसून टाकतो. व्हाइट बॅलन्स ५००० केल्विनवर पक्का करून, एकाच चौकटीत दोन टॉर्च शेजारी ठेवून काढलेलाच फोटो ग्राह्य धरा. डोळाही हेच करतो: एकटा टॉर्च दोन मिनिटं पाहिला की तो पांढराच वाटू लागतो. झाक दोघांच्या तुलनेतच दिसते.

१९. ९० आणि ९८ यांत फरक कळेल का?

७० ते ९० ही मोठी उडी आहे. ९० ते ९८ कळेल ती शेजारी शेजारी आणि मुद्दाम पाहिल्यावर. तेवढ्यासाठी हिरवट झाक पत्करू नका: सीआरआय ९८ पण हिरवट, यापेक्षा सीआरआय ९० आणि स्वच्छ झाक मी केव्हाही घेईन. २०१५ मध्ये आलेल्या टीएम-३० पद्धतीत आठऐवजी ९९ नमुने आहेत आणि दोन आकडे मिळतात: रंग किती खरे, आणि ते किती भडक किंवा फिके. कोणी टीएम-३० चा अहवाल देत असेल तर तोच वाचा.

२०. सीआरआय ९५, ५००० केल्विन, झाकही शून्य. तरी पांढरा शर्ट दिवसासारखा शुभ्र दिसत नाही. का?

पांढऱ्या कापडात आणि कागदात शुभ्रता वाढवणारी द्रव्यं असतात. ती उन्हातला अतिनील आणि जांभळा उजेड शोषून निळा उजेड बाहेर टाकतात, म्हणून कापड पांढऱ्याहून पांढरं वाटतं. ४५० नॅनोमीटरच्या निळ्या चिपमध्ये तो उजेड जवळजवळ नसतोच, त्यामुळे ती द्रव्यं जागीच होत नाहीत. सीआरआयच्या नमुन्यांत अशी द्रव्यं नाहीत, म्हणून आकड्यात हे कधी दिसणार नाही. निळ्याऐवजी जांभळी चिप वापरणारे एलईडी आहेत, सोल सेमिकंडक्टरचा २०१७ मध्ये आलेला सनलाइक त्यांतलाच, पण टॉर्चमध्ये ते क्वचित मिळतात. दोन पांढरी कापडं एकमेकांशी जुळवायची असतील तर ते काम दिवसा, खिडकीपाशी करा.